फिस्टुला, आवळलेली नस आणि स्पंजावरच्या पेशी

अबोली७८
बाबांचा फिस्टुला मागच्या महिन्यात दुसऱ्यांदा बसला, म्हणजे बंद पडला. ज्यांच्या घरी डायलिसिस नाही त्यांच्यासाठी सांगते. मनगटापाशी नाहीतर कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना शिवून टाकतात. धमनीतलं जोरकस रक्त शिरेत घुसतं, काही आठवड्यांत शीर फुगून बोटाएवढी जाड होते आणि मग आठवड्यातून तीनदा तिच्यात दोन जाड सुया टोचता येतात. वर हात ठेवला तर आत मांजर घुरघुरतंय असं वाटतं. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी तिथे हात ठेवून बघतात. त्या दिवशी हात ठेवला आणि नुसतंच माझ्याकडे पाहिलं.

आठ महिन्यांपूर्वी आत फुगा फुगवून उघडली होती ती शीर. पुन्हा त्याच जागी, जोडाजवळ, आतून जाड होऊन आवळली. का आवळते, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "शरीर जखम भरतं. इथे जरा जास्तच भरतं."

हे काही डोक्यातून जाईना. मग रात्री जागून वाचलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये एलाझर एडलमन म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि इंजिनिअर आहेत. त्यांच्या गटाने १९९५ साली उंदरांवर एक प्रयोग छापला. उंदराच्या मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फुग्याने खरवडून काढलं. मग जिलेटिनच्या स्पंजावर वाढवलेल्या, रक्तवाहिनीच्या अस्तराच्याच जिवंत पेशी त्या धमनीच्या बाहेरून गुंडाळल्या. आतलं जाड होणं खूपच कमी झालं. पुढे डुकरांमध्येही तसंच दिसलं, आणि तीन महिन्यांनी पाहिलं तरी फायदा टिकून होता.

माझे प्रश्न दोन. एक, हे माणसांत कुठवर आलंय? दुसरा नंतर विचारते, तो जरा नाजूक आहे.

चौकस
वाचतोय. पण मूळ मुद्दाच कळला नाही. जखम आत आणि मलम बाहेर? पंक्चर ट्यूबला झालं तर टायरवर ठिगळ लावत नाहीत.

अबोली७८
मलाही आधी हेच वाटलं होतं. पण त्या पेशी ठिगळ म्हणून लावलेल्याच नाहीत. त्या आत जाऊन अस्तर बनत नाहीत, धमनीचा भाग होत नाहीत. बाहेर बसून रसायनं सोडतात आणि भिंतीतल्या स्नायूपेशींना आवरतात. बाळंतिणीच्या खोलीत बसलेल्या आजीसारखं म्हणा. बाळाला जन्म तिने दिलेला नाही, पण ती असली की सगळं शांत असतं.

फरसबंदी
आजीची उपमा आवडली. 🙂 मी पुण्यात एका प्रयोगशाळेत सहा वर्षं ह्याच पेशी वाढवल्यात, त्यामुळे थोडं लिहिते. लांबलं तर माफ करा.

एंडोथेलियम म्हणजे रक्तवाहिनीच्या आतला एका पेशीएवढा पातळ थर. बरीच वर्षं लोक त्याला नुसतं गुळगुळीत कागदासारखं अस्तर समजत. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रुकलिनमध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. असेटिलकोलीन हे रसायन टाकलं की शरीरात नस सैल पडते, पण त्यांच्या पट्ट्या उलट आवळायच्या. १९७८ मध्ये काही तुकडे सैल पडले तेव्हा शोध लागला: पट्टी कापताना आतली बाजू नकळत घासली जायची आणि अस्तर निघून जायचं. अस्तर शाबूत असलेले तुकडे बरोबर वागत होते.

त्यापुढचा प्रयोग मला फार आवडतो. अस्तर नसलेली पट्टी घ्यायची, तिच्यावर अस्तर असलेली दुसरी पट्टी सँडविचसारखी उपडी ठेवायची आणि मग असेटिलकोलीन टाकायचं. आता अस्तर नसलेली पट्टीही सैल पडते! शेजारणीने काहीतरी सोडलं आणि हिला ते पोचलं. हे १९८० मध्ये 'नेचर'मध्ये आलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड निघालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

चौकस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सँडविचमध्ये आहे. अस्तराच्या पेशी नुसतं नायट्रिक ऑक्साइड सोडत नाहीत. प्रोस्टासायक्लिन सोडतात, हेपारिनसारखी (हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध) लांबलचक साखर-प्रथिनं सोडतात, आणखी कितीतरी. स्नायूपेशींना "वाढू नका, सरकू नका, जागेवर बसा" हा निरोप सतत जात असतो. फुग्याने किंवा शिवणीने अस्तर खरवडलं की निरोप थांबतो आणि स्नायूपेशी मोकाट सुटतात. निरोप बाहेरून आला तरी त्यांना चालतो.

मग नुसतं हेपारिन का नाही द्यायचं, असं कुणीतरी विचारेलच. १९९५ च्या त्याच कामात ती तुलना आहे, आणि पेशींचा परिणाम हेपारिनपेक्षा जास्त निघाला. एक औषध म्हणजे एक सूर. पेशी सगळं गाणं म्हणते, आणि समोरची जखम बघून म्हणते.

अवांतर: ह्या पेशी आम्ही प्रसूतिगृहातून आणलेल्या नाळेतून काढायचो. ही पद्धत १९७३ पासूनची. नाळेची शीर धुऊन आत एन्झाइम भरायचं, थोडा वेळ ठेवून ओतून घ्यायचं. चारपाच दिवसांत फ्लास्कच्या तळाशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून बसतात. माझं इथलं नाव तिथून आलंय. पाचसहा वेळा फ्लास्क बदलले की दमतात, पसरट होतात, ऐकत नाहीत.

खडूस_म्हातारा
१९९५ पासून उंदीर बरे होतायत. उंदरांचं अभिनंदन.
माणसाचं बोला.

रोहिणी_नस
मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. (आयडी बायकोने काढून दिला, नावावर जाऊ नका.) अबोली, तुमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं ते बरोबर आहे. त्यात भर घालतो.

हा प्रश्न फिस्टुलापुरता नाही. १९७७ मध्ये ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरने झुरिचला हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला, तेव्हापासून आम्ही ह्याच्याशीच भांडतोय. फुगा, मग जाळी म्हणजे साधा स्टेंट, मग २००३ च्या सुमारास औषध लावलेला स्टेंट. हे औषध स्नायूपेशींची वाढ रोखतं, पण अस्तराच्या पेशींचीही रोखतं. चोरासोबत राखणदारालाही झोपेची गोळी. म्हणून जाळी बरेच महिने अस्तराविना उघडी राहते आणि म्हणून पेशंटला दोन दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. "डॉक्टर, ती गोळी कधी बंद?" ह्या रोजच्या प्रश्नाचं मूळ हे.

मधे एक हुशार कल्पना आली होती, रक्तात फिरणाऱ्या अस्तर-पूर्वज पेशींना पकडणारी प्रतिपिंडं लावलेला स्टेंट. बाहेरून पेशी लावायला नकोत, पेशंटच्याच येऊन बसतील. कागदावर सुंदर. चाचण्यांत औषधाच्या स्टेंटपेक्षा सरस ठरला नाही.

फिस्टुला तर आणखी अवघड. शीर ही मुळात संथ वाहणारी, पातळ भिंतीची. तिच्यावर एकदम धमनीचा दाब सोडायचा, वर आठवड्याला सहा टोचण्या. मनगटातला हा फिस्टुला १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी न्यूयॉर्कहून छापला. तेव्हापासून शिवणकाम सुधारलं, शिरेचा स्वभाव तोच आहे.

टेक्निशियन_ताई
सगळं छान चाललंय पण मी माझं बोलून घेते. थ्रिल, म्हणजे ती घुरघुर, कमी झाली किंवा थांबली की त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात सेंटरला फोन करा. सोमवारी टर्न आहे तेव्हा बघू, असं करू नका. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, बांगडी-घड्याळ घट्ट नको, त्या हातावर झोपायचं नाही. टोचायची जागा बदलत राहायला सांगा. दुखत नाही म्हणून पेशंटच आम्हाला म्हणतात "ताई, तिथेच टोचा". तसं केलं की तिथे फुगवटा येतो.

अबोली७८
ताई, धन्यवाद. आम्ही अर्धा दिवस घालवला होता, ते आता कळतंय.

खडूस काका, माणसांचं सांगते. एडलमन यांच्या कामातून केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये पर्वेसिस नावाची कंपनी निघाली. उत्पादनाचं नाव व्हास्कुजेल. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची एकत्र चाचणी डायलिसिसच्याच पेशंटवर केली आणि २००९ मध्ये छापली. ५७ पेशंट, काहींना फिस्टुला, काहींना कृत्रिम नळीचा ग्राफ्ट. ऑपरेशनच्या वेळीच जोडाभोवती आणि शिरेच्या बाजूने स्पंज ठेवायचे, काहींना पेशींचे आणि काहींना नुसतेच. पेशी दुसऱ्या माणसाच्या, तरी रिअ‍ॅक्शन दाबायच्या गोळ्या दिल्या नव्हत्या. निष्कर्ष: सुरक्षित आहे. फायदा होतो का, हे एवढ्या लहान संख्येवरून ठरत नाही.

२०१२ मध्ये शायर नावाच्या मोठ्या औषध कंपनीने पर्वेसिस विकत घेतली. आणि नंतर काही बाजारात आलं नाही. मी तासभर शोधत होते, जणू कुणी ओळखीचं हरवलंय.

खडूस_म्हातारा
म्हणजे नवरी पसंत, मुहूर्त ठरला, आणि वरात गेली दुसऱ्या गावाला.
पण एक विचारतो. दुसऱ्याची किडनी बसवली की जन्मभर गोळ्या. दुसऱ्याच्या पेशी बसवल्या आणि गोळ्या नाहीत? हे कसं काय?

फरसबंदी
काका, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

त्याचं उत्तर स्पंजात आहे. ह्याच पेशी नुसत्या सुट्या टोचल्या तर शरीर त्यांना ओळखतं आणि मारतं. पण स्पंजाच्या जाळीत नीट पाय रोवून बसल्या की त्या शांत होतात, प्रतिकारशक्तीला चिडवणाऱ्या खुणा पृष्ठभागावर कमी दाखवतात. एडलमन यांच्याच गटाने ह्यावर पुष्कळ काम केलंय. आणि किडनीसारखं त्यांना जन्मभर राहायचं नाही. काही आठवडे निरोप द्यायचा, तेवढ्यात आतलं अस्तर स्वतः भरून येतं, स्पंज विरघळतो, पेशी जातात. जखमेचे पहिले आठवडेच महत्त्वाचे असतात. ते सांभाळले की पुढची घडी बरीचशी बसते.

माझ्या मते ह्या कामातली खरी अक्कल पेशीत कमी आणि 'कुठे बसवायची' ह्यात जास्त आहे. फ्लास्कमध्ये मी रोज बघायचे. मोकळी तरंगणारी पेशी आणि खाली टेकलेली पेशी ह्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

साबुदाणा
जिलेटिन म्हणजे कशाचं? आमच्याकडे आजीसाठी हे विचारावं लागेल.

रोहिणी_नस
त्या कामातला स्पंज म्हणजे रक्तस्राव थांबवायला आम्ही वापरतो तोच, डुकराच्या कातडीपासून शुद्ध केलेल्या जिलेटिनचा. १९४० च्या दशकापासून ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. तुमच्या ओळखीत कुणाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर बऱ्यापैकी शक्यता आहे की तो आत जाऊन विरघळलाही असेल. आजीला सांगायचं की नाही, ते घरचं घरात ठरवा.

साबुदाणा
नाही सांगत. 🤐

सिन्नरी
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे चुलते सिन्नरचे, आख्खी हयात बिड्या वळण्यात गेली आणि ओढण्यातही. चाळिशीच्या आत पायाची बोटं काळी पडायला लागली. रात्र रात्र पाय खाली सोडून बसायचे, झोप नाही. डॉक्टरांनी बर्जर सांगितलं. आधी अंगठा गेला, मग दोन बोटं. आता दुसऱ्या पायाला सुरू झालंय. कुणीतरी म्हणालं बंगळुरूचं पेशींचं इंजेक्शन आहे, पोटरीत देतात. हे तेच का?

रोहिणी_नस
सिन्नरी, नीट लिहिलंय तुम्ही. आणि हे काल्पनिक इंजेक्शन नाही.

आधी आजार. लिओ बर्जरने १९०८ मध्ये न्यूयॉर्कला कापलेल्या पायांचा अभ्यास करून वर्णन केलं, म्हणून ते नाव. हातापायांच्या लहान-मधल्या धमन्या सुजतात आणि गुठळ्यांनी बंद होतात. तंबाखूशिवाय हा आजार जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडे बिडीवाला, तरुण, पुरुष, असा पेशंट ओपीडीत शिरतानाच ओळखू येतो, लंगडण्यावरून. बायपास करायला पुढे धड नसच उरलेली नसते, ही खरी अडचण.

इंजेक्शन म्हणजे स्टेम्प्युसेल, बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सचं. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी (एक प्रकारच्या मूळ पेशी) एकत्र करून, वाढवून, गोठवून ठेवतात. बर्जरच्या ९० पेशंटवर चाचणी झाली, दोन वेगवेगळे डोस आणि एक नुसत्या नेहमीच्या उपचारांचा गट. किलोमागे २० लाख पेशींच्या डोसाला वेदना कमी होणं आणि जखम भरणं हे दोन्ही बरं दिसलं. भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये मर्यादित आणि २०२० मध्ये पुढची परवानगी दिली. म्हणजे हे अधिकृत औषध आहे, पण ठरावीक आजारासाठी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काळं पडलेलं बोट ह्याने परत येत नाही. प्रश्न दुसऱ्या पायाचा आहे, म्हणून उशीर करू नका, मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या विभागात दाखवा. दोन, चुलते अजून ओढतात का?

सिन्नरी
सांगतात सोडली म्हणून. खिशात काडेपेटी असते.

रोहिणी_नस
मग आधी काडेपेटी. गंमत करत नाहीये. बर्जरमध्ये दिवसाला एक-दोन बिड्यासुद्धा आजार चालू ठेवतात. मळलेली तंबाखू आणि मिश्रीपण नको. इंजेक्शनचा खर्च करून वर बिडी म्हणजे एका हाताने विहीर उपसायची आणि दुसऱ्याने भरायची.

फरसबंदी
बघा, पोटरीतल्या पेशीसुद्धा स्वतः नस बनत नाहीत. त्या आजूबाजूला निरोप पाठवतात, नव्या बारीक वाहिन्या फुटायला उत्तेजन देतात, सूज उतरवतात, आणि नंतर निघून जातात. अबोलीच्या स्पंजाचाच भाऊबंद.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळ्यांना वाटत होतं की टोचलेली पेशी जाऊन विटेसारखी भिंतीत बसेल. १९९७ मध्ये असाहारा आणि इस्नर यांनी रक्तात फिरणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या तेव्हा तर दिवाळीच होती. मग हळूहळू दिसलं की बसणाऱ्या फार थोड्या आणि बोलणाऱ्या जास्त. माझ्या पीएचडीची दोन वर्षं पेशी 'बसली का' हे मोजण्यात गेली. तिला विचारायला हवं होतं, काय म्हणालीस?

परदेशी_पाखरू
न्यू जर्सीहून. इथे डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामकाने, ह्युमासाइट कंपनीच्या सिमव्हेस या प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तवाहिनीला मंजुरी दिली. अपघातात, गोळीबारात हातापायाची धमनी फाटली आणि पेशंटची स्वतःची शीर वापरण्यासारखी नसली तर त्यासाठी. दात्याच्या धमनीतल्या स्नायूपेशी विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर वाढवतात, त्या कोलॅजन विणतात, आणि मग सगळ्या पेशी धुऊन काढतात. उरते ती नुसती नळी. लॉरा निकलसन यांचं काम, १९९९ पासूनचं. युक्रेनच्या युद्धात जखमींनाही बसवली होती. ती बसवल्यावर पेशंटच्या पेशी हळूहळू तिच्यात राहायला येतात.

म्हणजे फरसबंदी म्हणतात त्याच्या बरोबर उलट. इथे पेशी घर बांधून निघून गेल्या!

खडूस_म्हातारा
गवंडी कुठे राहतो बांधलेल्या घरात.

रोहिणी_नस
काका 👌
मात्र सिमव्हेसच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशाराही आहे: नळी फाटून किंवा जोड सुटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे हे काही फिस्टुला बसला म्हणून उद्या सकाळी मागवायचं साधन नाही.

अबोली७८
आता दुसरा प्रश्न. बाबांच्या डायलिसिसच्या रांगेत एका गृहस्थांनी पत्रक दिलं. आमच्याच शहरातलं एक केंद्र, नाव लिहीत नाही. पोटाच्या चरबीतून 'स्वतःच्याच स्टेम सेल' काढून फिस्टुलाच्या हातात टोचतात, 'नस नवी होते' म्हणे. साडेतीन लाख. तीन बैठका. मी फोन केला तेव्हा बाई गोड बोलल्या. कुठे छापलंय असं विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, रिझल्ट बोलतात." बाबा म्हणतात, एफडी मोडू. मला नाही म्हणवत नाहीये.

रोहिणी_नस
मी म्हणतो. नाही.

फिस्टुलासाठी पेशींचा एकही उपचार आपल्याकडे मंजूर नाही. २०१९ च्या नव्या औषध नियमांत पेशींपासून केलेलं उत्पादन 'नवीन औषध' धरलंय, म्हणजे परवानगी लागते. परवानगी नसेल तर फक्त नोंदवलेल्या चाचणीतच देता येतं, आणि आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चाचणीतल्या पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. 'चाचणी आहे' म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, घरी बसून तपासता येतं. 'चाचणी नाही, उपचार आहे' म्हणाले तर परवानगीचा कागद मागा. साडेतीन लाख मागतायत ह्यातच उत्तर आहे.

फरसबंदी
आणि चरबीतून काढलेलं ते द्रावण म्हणजे दहा प्रकारच्या पेशींची मिसळ असते. कुणी मोजलं, कुणी तपासलं, किती जिवंत, जंतू आहेत का? आमच्याकडे एका फ्लास्कमध्ये बुरशी आली तर पूर्ण इनक्युबेटर रिकामा करून धुवायचो. तेही ते फ्लास्क कुणाच्या हातात टोचायचे नसताना.

टेक्निशियन_ताई
डायलिसिसच्या पेशंटला फिस्टुलाच्या हातात इन्फेक्शन म्हणजे काय हे मी बघितलंय. एवढंच लिहिते.

चौकस
अबोली, एफडी मोडू नका. माझा टायर-ट्यूबचा मुद्दा मागे घेतो.

अबोली७८
सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. एफडी शाबूत. गेल्या गुरुवारी दंडात नवा फिस्टुला केला, साधाच, शिवणीचा. घुरघुर लागतेय, टाके अजून आहेत. सहा आठवड्यांनी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी.

गवंड्याचं वाचून बाबा हसले. मग बराच वेळ गप्प होते, आणि एक प्रश्न विचारलाय, तो जसाच्या तसा देते: "त्या स्पंजावरच्या पेशी ज्या माणसाच्या, त्याला शुगर होती का, हे बघतात का?"

फरसबंदी
स्पंजावरच्या त्या पेशी महाधमनीच्या, मृत दात्यांच्या असायच्या. नाळेच्या सोडून तशा पेशी आम्ही विकतही आणायचो, त्या कुपीवर वय, लिंग आणि लॉट नंबर असायचा. शुगरचं कंपनीला मुद्दाम मेल करून विचारावं लागायचं. बाबांना सांगा, आमच्या गाइडनी हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षी विचारला होता, आणि मी मेल केलेला नव्हता.